डॉक्टरांची पत्रे पोत्यात: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलमध्ये शिकले आणि नारायण पेठेत त्यांनी चाळीस वर्षे दवाखाना चालवला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत माहेरी गेलेल्या आजीला ते जवळजवळ रोज पत्र लिहीत. ती पत्रे आणि त्यांना सहाध्यायी डॉक्टरांकडून आलेली पत्रे, एकूण २१४, तीन वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या स्वाधीन केली. चार महिन्यांत सूची होईल, पत्रे आम्लविरहित कागदाच्या वेष्टनात राहतील, असे मला लेखी सांगण्यात आले होते. गेल्या मंगळवारी मी पोचपावती घेऊन गेले, तेव्हा ती पत्रे जिन्याखाली, गळक्या पन्हळीशेजारी, एका पोत्यात सापडली. ६१ पत्रे हाती आली. बाकीच्यांचा लगदा झाला होता.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी आमच्या वाड्यात शिरले, तेव्हा हीच पत्रे पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत होती म्हणून वाचली. धान्य, कपडे, भांडी सगळे गेले. आईने पुढे आयुष्यभर ती ट्रंक जपली, दर उन्हाळ्यात पत्रांना ऊन दाखवले, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवला. आईच्या पश्चात ती मी स्वतःच्या हाताने नेऊन दिली, आणि ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही.

तिथल्या अधिकाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमचे आजोबा प्रसिद्ध होते का?" साहेब, एखाद्या डॉक्टरचे मोठेपण ठरवायचे कशावरून? त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. रोगाचे कारण विषाणू आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. सरकारी अहवालांत मृतांचे आकडे आहेत. पण आपण देतो त्या औषधाचा उपयोग होत नाही हे कळत असताना सकाळी पुन्हा त्याच घराची कडी वाजवणाऱ्या माणसाच्या मनात काय होते, ते अहवालात कसे असेल? ते आजोबांनी आजीला लिहिले होते. मूल गेलेल्या एका घरातून व्हिजिटची फी घेतली याची त्यांना वाटलेली लाज ज्या पत्रात होती, ते पत्र त्या ६१ मध्ये नाही.

प्रसिद्ध डॉक्टरांची पत्रे तरी आपण कुठे राखली? आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, याच पुण्यात गेल्या. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी १८८३ मध्ये लिहिलेले पत्र आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे आणि जगातल्या कुणालाही ते संगणकावर वाचता येते. एका परक्या मुलीचा अर्ज त्या लोकांनी एकशे चाळीस वर्षे सांभाळला. आम्ही आनंदीबाईंच्या जयंतीला भाषणे करतो.

आमच्याकडे परंपरा नाही, असे कृपया सांगू नये. पेशवे दफ्तरातले मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, याच शहरात आहेत. पेशव्यांच्या पागेचा खर्च आज अभ्यासता येतो. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभे आहे, तेही गावोगावच्या घरांतून कागद गोळा करणाऱ्या माणसांच्या जिवावर. मग डॉक्टरांच्या पत्रांना जागा का नाही? कारण २००५ चा महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम मुख्यतः सरकारी कागदांसाठी आहे. केंद्राच्या १९९३ च्या कायद्यात खासगी व्यक्तींकडून ऐतिहासिक कागदपत्रे देणगीने किंवा खरेदीने घेण्याची मुभा आहे, पण मुभा म्हणजे कर्तव्य नव्हे. घेतलेल्या कागदाचे पोते केले तर जाब कुणी द्यायचा, हे मला कुणीही सांगू शकलेले नाही. इमारतीच्या उद्घाटनाला निधी मिळतो, फीत कापायला पाहुणे मिळतात आणि पन्हळ दुरुस्त करायला माणूस मिळत नाही. आरोग्य असो, शिक्षण असो, आयुष्यभर मी हेच पाहत आले.

माझे मागणे फार मोठे नाही. राज्यातल्या डॉक्टरांचा खासगी पत्रव्यवहार स्वीकारणारा एक विभाग पुण्यात असावा, तिथे कागदसंवर्धनाचे शिक्षण घेतलेली माणसे असावीत, आणि देणाऱ्याला पत्रागणिक पावती व सूचीची तारीख मिळावी. गंजलेल्या टाचण्या काढणे, फाटलेल्या जागी जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, लावणे, छायाप्रती करणे ही कामे सावकाश होतात हे मला मान्य आहे. घाईने कागद प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून त्याचा जीव घेऊ नये. पत्रांत रुग्णांची नावे असतात, त्यांच्या घरातली गुपिते असतात. अशी पत्रे ठरावीक वर्षे बंद ठेवण्याचा नियम आधी करावा, म्हणजे अनेक घरे केवळ या संकोचापायी पत्रे जाळतात ते थांबेल.

उरलेली ६१ पत्रे माझ्या जेवणाच्या टेबलावर टिपकागदांत वाळत आहेत. वरचा पंखा मी बंद ठेवला आहे, कारण दोन पत्रांची शाई आधीच पसरली आहे आणि कडा हात लावताच सुटतात. संवर्धन जाणणारा एक माणूस या आठवड्यात पाठवता आला तर पाठवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नारायण पेठ, पुणे