मॅनेजर झालास, आता हे वाच

प्रिय ओंकार,

अनेक आशीर्वाद. तू मॅनेजर झाल्यापासून बाबा सांगलीभर फोन करून सांगत सुटलेत. मला मात्र तुझ्या रागाची काळजी वाटते, आणि फोनवर तू ‘हो गं आई’ म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहितेय.

कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला एवढी वर्षं काढली मी, साहेबाचा स्वभाव रिजेक्शनच्या आकड्यात उतरतो हे डोळ्यांनी बघितलंय. आमचे एक साहेब कामात एकदम हुशार, नुसतं ड्रॉइंग बघून चूक सांगायचे, पण कुणी प्रॉब्लेम घेऊन गेलं की सगळ्यांसमोर झापायचे. मग व्हायचं काय, सीएनसी मशीनवरच्या पोराला बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, मोठा जातोय हे लगेच कळायचं, भोक तपासायच्या प्लग गेजची नो-गो बाजू, जी आत जाताच कामा नये, ती सरळ आत जायची, तरी तो गप्प, गुपचूप मशीनची सेटिंग बदलायचा आणि आधीचे पीस तसेच ट्रेमध्ये, ते मला सापडायचे फायनल तपासणीला नाहीतर कस्टमरकडून सगळा लॉट परत आल्यावर. माल गेला, भाडं गेलं, ओव्हरटाइम वेगळाच. त्यांच्यानंतरचे साहेब आधी एवढंच विचारायचे, ‘कितव्या पीसपासून?’ पोरं स्वतःहून मशीन थांबवून हाक मारायला लागली.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तर चांगल्या टीमच्याच चुका जास्त निघाल्या! म्हणजे तिथं चुका जास्त होत नव्हत्या, त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. गूगलनं 2012 पासून आपल्या 180 च्या वर टीम तपासल्या, त्यातही टीममध्ये कोण आहे यापेक्षा माणसं न घाबरता बोलतात का हेच महत्त्वाचं ठरलं. तुमच्या आयटीत तर हातात धरायला गेजपण नाही रे, कुणी सांगितलं तरच कळणार.

गोडगोड बोल असं नाही म्हणत मी. ते दुसरे साहेबही कडकच होते, तीच चूक परत केली की चांगलं सुनवायचे, पण केबिनमध्ये. आणि फार चिडले की आधी शॉपमध्ये एक चक्कर मारून यायचे. तू पटकन तापतोस, डिलिव्हरी जवळ आली की जास्तच, तेव्हा हे करून बघ.

आणि तुझ्या टीममधली ती नवीन मुलगी मिटिंगमध्ये तोंडच उघडत नाही म्हणालास ना, तिच्याशी एकटीशी बोललास का? कळव.

तुझी,
आई