विषय: शिल्पकामाच्या इपॉक्सी क्लेचा सदोष हार्डनर आणि हेल्पलाईनचा त्याहून सदोष सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

माझी तक्रार ‘समाधानकारकरीत्या निकाली’ काढल्याचा मेसेज तुमच्याकडून आत्ताच आला. समाधान नेमकं कोणाचं झालं ते कळवावं. माझं झालेलं नाही, म्हणून हे लेखी.

माल तुमचाच आहे, तेव्हा इपॉक्सी क्ले म्हणजे काय हे तुम्हाला शिकवत बसत नाही. शिल्पकामासाठीचा जोडडबा, एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर, दोन्ही एकत्र मळले की क्ले दगडासारखी कडक व्हायला हवी. झाकणावर अर्धवट घडवलेल्या घोड्याच्या डोक्याचा फोटो. तो फोटो लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नव्या डब्यातला हार्डनर बाद आहे. माझ्याकडे जुन्या डब्यातलं थोडं सामान शिल्लक होतं, त्यामुळे उलटसुलट जोड्या लावून पाहता आल्या. जुनं रेझिन आणि जुना हार्डनर: दुसऱ्या सकाळी दगड. नवं रेझिन आणि जुना हार्डनर: दगड. जुनं रेझिन आणि नवा हार्डनर: आठवडा उलटला तरी नख रुततं. नवं आणि नवं: तेच. सगळे गोळे वाटाण्याएवढे, एकाच टाइलवर, एकाच खोलीत. दोष कुठल्या डब्यात आहे हे कळायला यात रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

हार्डनरच्या कडेला वाळलेली साय धरली आहे आणि आत ज्वारीच्या कणीसारखे कण आहेत. कितीही मळलं तरी ते फुटत नाहीत, क्लेमध्ये तसेच राहतात. याचा अर्थ झाकण कारखान्यातूनच नीट बसलेलं नव्हतं किंवा माल फार जुना आहे. किती जुना ते कळायची सोय नाही, कारण उत्पादनाच्या महिन्या-वर्षावर तुम्ही नव्या किमतीचं स्टिकर डकवलं आहे. ते सोललं तर खालची शाईही सोबत निघते. योगायोगच असेल.

डब्यावर ‘समप्रमाणात मिसळा’ एवढंच छापलंय. वजनाने की आकारमानाने? दोन भागांत भरणाची पावडर कमीजास्त असेल, तर सारख्या आकाराच्या गोळ्यांचं वजन सारखं येत नाही आणि एक भाग कमी पडतो. म्हणून काट्यावर तोलूनही केलं, सारखे गोळे वळूनही केलं. दोन्ही वेळा चिकट.

पावसाळ्याचं कारण देऊ नका, ते आधीच ऐकून झालंय. दमट हवेत हार्डनरमधलं अमाइन हे रसायन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी लागून वर मेणचट पापुद्रा येतो, हे माहीत आहे. तो कोमट साबणपाण्याने आणि घासणीने निघतो आणि खाली क्ले टणक सापडते. इथे खाली टणक असं काही नाहीच.

आता नुकसान. काम होतं ब्रेयर कंपनीच्या प्लास्टिकच्या घोड्यांतल्या ट्रॅडिशनल मापातल्या, म्हणजे साधारण १:९ प्रमाणातल्या घोड्याचं. मूळ ठेवण अरबी, त्याचा मारवाडी करायचा. म्हणजे डोकं लांब करायचं, नाकाची बशीसारखी खोल रेघ भरून सरळ करायची आणि कान नव्याने घडवायचे. मारवाडी घोडा ओळखला जातो तो कानांवरून. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उभा असलेला कोणीही आत वळलेली, एकमेकींना भिडलेली टोकं लांबून बघून सांगेल. १:९ मध्ये हा कान दीड सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि त्याची कड एक मिलिमीटरहूनही पातळ ठेवावी लागते. आत अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार, डोक्यात भोक पाडून पक्की केलेली. तारेवर क्लेचा पातळ थर, आणि क्ले थोडी आळली की सिलिकॉनच्या टोकाच्या हत्याराने कानाची वाटी कोरायची. क्ले ठरल्या वेळात कडक होणार, या एका भरवशावर हे सगळं उभं असतं. ती कडकच झाली नाही तर टोकं हळूहळू बाहेर कलतात, वाटी मिटते आणि घोड्याचं गाढव होतं.

गालाचा आणि जबड्याचा थर तीन-चार मिलिमीटरचा, त्याची दुसरी तऱ्हा. वरून सुकल्यासारखा, आत लोण्यासारखा. घासायला जावं तर ४०० नंबरचा पॉलिशपेपर दोन हात फिरवताच गच्च भरतो. अशा थरावर प्रायमर टिकत नाही, खालचा थर हलत राहतो आणि वर बारीक भेगांचं जाळं पडतं. मानेवरच्या शिरा, नाकपुडीची कड, डोळ्यावरची पापणी, सगळं गेलं.

हे सगळं तुमच्या प्रतिनिधींना सांगायचं होतं. संधी मिळाली नाही. संभाषण पूर्ण देते, कारण तुमच्या ‘गुणवत्तेसाठी रेकॉर्ड’ केलेल्या कॉल्समधून ते कोणी ऐकत असेल असं वाटत नाही.

“मॅडम, लीकेज कुठून आहे?”

लीकेज नाही, म्हटलं. (गळती बुजवायची पुटी समजले असावेत.)

“मग क्रॅक आहे का? टाकीला की पाईपला?”

घोड्याला.

पलीकडे थोडी शांतता. मग: “मॅडम, हे प्रॉडक्ट जनावरांवर लावायचं नाही.”

घोडा प्लास्टिकचा आहे, हे शिल्पकाम आहे, तुमच्या झाकणावर आहे तसंच, असं मी सांगितलं. झाकणावर घोडा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. “म्हणजे खेळणं. मुलांनी तोडलं का?” मुलांचा संबंध नाही, हार्डनर कडक होत नाही, बॅच नंबर लिहून घ्या, असं मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले. त्यावर टाइप केल्याचा आवाज आला. वाटलं, घेतलं लिहून. आणि मग: “मॅडम, लावायच्या आधी मेन व्हॉल्व्ह बंद केला होता का?”

वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं. बरीच सनई ऐकवल्यावर वरिष्ठ आले. त्यांनी बॅच नंबर विचारला नाही, फोटो मागितले नाहीत, हार्डनरमधल्या कणांबद्दल एक शब्द नाही. सल्ला मात्र दिला: “चिकट राहिलं असेल तर थिनरने पुसून घ्या. नाहीतर हीट गन मारा, कडक होईल. खेळणंच आहे ना, एवढं काय टेन्शन घेताय?”

या सल्ल्याचा हिशोब मांडते. या घोड्याचं अंग सेल्युलोज अॅसिटेटचं असतं. थिनरमध्ये अॅसिटोन असलं तर ते या प्लास्टिकला विरघळवतं. म्हणूनच कापलेले पाय जोडताना काही लोक अॅसिटोन वापरतात, कडा विरघळून एकजीव होतात. त्याने चेहरा पुसायचा म्हणजे नाक पुसून टाकायचं. आणि हीट गन? याच प्लास्टिकचे पाय वळवण्यासाठी हीट गन वापरतात, कारण उष्णतेने ते मऊ पडतं. शिवाय घोडा आतून पोकळ असतो. कोंडलेली हवा तापली की पोट फुगतं, शिवण उकलते. म्हणून तापवण्याआधी नाकपुडीत किंवा तोंडात बारीक भोक पाडावं लागतं. भोक आहे का, हे वरिष्ठांनी विचारलं नाही. त्यांचं ऐकलं असतं तर तुमच्या क्लेविरुद्ध तक्रारच उरली नसती, घोडाच उरला नसता.

अशी अर्धकच्ची क्ले काढायची रीत तुमच्या नोंदीसाठी लिहून ठेवा, पुढच्या ग्राहकाला तरी उपयोगी पडेल: नायट्राइलचे हातमोजे (न मुरलेला हार्डनर कातडीला लागत राहिला तर अॅलर्जी कायमची मागे लागते), लाकडी कोरणी, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. यात तारेसकट कान जातात. वाचवता येत नाहीत.

मागण्या. रेझिन आणि हार्डनर, दोन्ही डब्यांची पूर्ण किंमत परत. त्याच बॅचचा बदली डबा पाठवून प्रकरण मिटवू नका, घेणार नाही. या बॅचच्या हार्डनरची तपासणी करून तुमच्या तांत्रिक विभागाचं लेखी उत्तर, हेल्पलाईनचं नव्हे. प्रमाण वजनाने की आकारमानाने, ते डब्यावर छापा. आणि तारखेवर स्टिकर डकवणं बंद करा. हे पुन्हा लिहितेय कारण फोनवर ते कोणी ऐकूनच घेतलं नाही: तारखेवर स्टिकर होतं. पॅकबंद मालावर महिना आणि वर्ष वाचता येईल असं हवं, हा २०११ च्या वैधमापन नियमांतला मुद्दा आहे, माझी आवडनिवड नव्हे.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मग २०१९ च्या कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तिथे शुल्कही लागत नाही, तेव्हा एका डब्यासाठी कोण एवढा खटाटोप करतंय, असं समजू नका. मी करेन. नवं काम सुरू करणाऱ्याला आजवर तुमचीच क्ले घे असं सांगत आले, कारण ती बारीक काम धरायची आणि घासल्यावर कड मोडायची नाही. आता ते सांगणं बंद.

सोबत चारही गोळ्यांचे, डब्याच्या कडेचे आणि स्टिकरचे फोटो, बिलाची प्रत. डबा कुरियरने परत पाठवा असं सांगू नका. तपासायचा असेल तर तुमचा माणूस पाठवा, माझ्यासमोर काढून घेईल तेवढा नमुना त्याने न्यावा. बाकीचा डबा इथेच राहील.

ग्राहक
(तक्रार क्रमांक आणि बॅच नंबर बिलाच्या प्रतीवर लिहिला आहे)