आधी मुलाचा रिपोर्ट आणा

महोदय,

लग्नाला वर्ष होऊन दिवस गेले नाहीत, तर नवरा-बायको दोघांची तपासणी एकदमच करायची असते. तीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या मला हे कळायला सुनेची चार वर्षे गेली.

त्या चार वर्षांत तिच्या सोनोग्राफ्या झाल्या, थायरॉइड झाले, गर्भनळ्यांचा एक्स-रे झाला. त्या दिवशी ती रिक्षात पोट धरून बसली होती आणि मी म्हणाले, ‘‘एवढं काय गं, आम्ही बाळंतपणं काढली!’’ नवश्या गणपतीला नवस बोलून झाला. त्र्यंबकेश्वरी तीन दिवस नारायण नागबळी झाला. मुलाला मात्र कोणी काही विचारले नाही. ‘‘त्याला काय धाड भरलीय?’’ हे वाक्य माझेच. आणि डॉक्टरांची चिठ्ठीही दर वेळी सुनेच्याच नावाची.

डॉक्टर बदलले. नव्या बाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, ‘‘यांचा रिपोर्ट कुठाय?’’

दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्याचा एक नमुना द्यायचा, संपले. ना सुई, ना भूल. पण लॅबमध्ये त्यासाठी जागा कुठली, तर सगळ्या पेशंटांचे संडास. कडी ढिली, बाहेर युरिनच्या डब्या घेतलेली रांग. दोनदा दार वाजल्यावर मुलगा रिकामी डबी घेऊन घरी आला. मग घरूनच न्यायचे ठरले. नमुना तासाच्या आत पोहोचायला हवा, गार पडू द्यायचा नाही. जेल रोडहून निघालेला माझा मुलगा शर्टाच्या आत डबी धरून द्वारका चौकाच्या गर्दीत अडकला. पोहोचायला पंचावन्न मिनिटे लागली. (हे मला सुनेने सांगितले, तो माझ्याशी या विषयावर अजून बोलत नाही.)

एका मिलिलिटरमध्ये निदान १ कोटी ६० लाख शुक्राणू असावेत, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतली खालची मर्यादा. याचे निघाले ४० लाख. एका रिपोर्टवर भागत नाही म्हणून पुन्हा केला, तेच. पायाच्या फुगतात तशा अंडकोषातल्या शिरा फुगलेल्या होत्या. शंभरातल्या पंधराएक पुरुषांना हे असते, पुष्कळांना त्याचा त्रासही होत नाही. शिवाय अंडकोषाला शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागते आणि हा दहा वर्षे सिन्नरला फर्नेससमोर उभा, तोंडात तंबाखू. नेमके कशामुळे झाले ते सांगता येणार नाही, असे बाई म्हणाल्या. शिरांचे ऑपरेशन झाले, तंबाखू सुटली. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून पुढचा रिपोर्ट तीन महिन्यांनी.

सुनेचा प्रत्येक रिपोर्ट मी भिशीत वाचून दाखवल्यासारखा सांगितला होता. मुलाची फाइल माझ्या साड्यांच्या घडीखाली आहे. आणि हे पत्रही बिननावी छापा म्हणते आहे, यात काय ते आले.

स्त्रीरोगतज्ज्ञांना विनंती, नळ्यांचा एक्स-रे लिहिण्याआधी नवऱ्याचा रिपोर्ट मागा. सासू आडवी आली तर तिला बाहेर बसवा. आणि लॅबवाल्यांनी एक वेगळी खोली द्यावी, आतून नीट लागणारी कडी आणि हात धुवायला पाणी असलेली.

– एक सासू, नाशिकरोड