बदकाची बाजू

भुसावळ,
चैत्रातला रविवार

प्रिय बाळ्या,

कसा शेस रे भो? तुझा लांबलचक मेसेज वाचला. मारिओच्या व्हिडिओ गेममधला सगळ्यात भारी दुश्मन म्हणजे हातोडे फेकणारे हातोडेवाले, असं तुझं म्हणणं. फोनवर भांडलो असतो, पण तू मला बोलू देत नाहीस. म्हणून कूलरसमोर बसून लिहितोय. बाहेर पडायची सोय नाहीच. बाराला निघालेल्या माणसाचं या उन्हात भरीत होतं.

हातोडेवाले अवघड आहेत, कबूल. जोडीनं येतात आणि हातोडा कधी पडेल याचा नेम नाही. पण मेले की विषय संपला. माझं मत कूपा ट्रूपाला, म्हणजे ज्या कासवाला आपण अख्खं लहानपण बदक म्हणत आलो त्याला. त्याच्याशी खरं भांडण तो हरल्यावर सुरू होतं. डोक्यावर उडी मारली की तो कवचात शिरतो. तसाच सोडला तर थोड्या वेळानं पाय काढून पुन्हा चालू पडतो. लाथ मारली तर कवच पुढच्या सगळ्यांना आडवं करत जातं, आणि पाइपवर आपटून परत तुझ्याच अंगावर येतं!

परवा भाचीचं नेमकं हेच झालं. मेव्हण्यानं आणलेल्या स्विचवर, म्हणजे निन्टेंडोच्या गेम खेळायच्या यंत्रावर, जुना 1985 चा मारिओ लावून दिला होता. तिनं ऐटीत कवचाला लाथ मारली आणि तिथेच उभी राहिली. दोन सेकंदांत मारिओ खाली. "मामा, हे चीटिंग आहे, मी त्याला आधीच मारलं होतं!" मी काहीच बोललो नाही. पुढच्या वेळी लाथ मारल्या मारल्या तिनं उडी घेतली.

आणि रंग बघ. हिरवा कडेपर्यंत येतो आणि सरळ खाली पडतो. लाल कडेवरून माघारी फिरतो. फरक एवढाच, पण 1-3 मधल्या, म्हणजे पहिल्या जगातल्या तिसऱ्या टप्प्यातल्या, त्या उंच, तुटक चौथऱ्यांवर लाल असेल तर तो आपोआप पडायची वाट बघण्यात अर्थ नाही. न वाचता, न विचारता, नुसता रंग बघून पोरांना हे कळतं. हा गेम बनवणाऱ्या मियामोतोच्या मंडळींना मी इथे पैकीच्या पैकी देतो.

1983 च्या 'मारिओ ब्रदर्स'मध्येही कासवं होती, पण तिथे वरून उडी मारली तर मारिओच मरायचा. खालून फरशीला धक्का देऊन त्यांना उलटं पाडायचं, मग लाथ. दोन वर्षांनी तोच नियम फिरवला. मात्र नवख्याला पहिल्या फटक्यात कासव जड जाईल, म्हणून गुम्बा, तो एका उडीत चपटा होणारा साधा दुश्मन, अगदी शेवटी बनवला म्हणे. जागा वाचवायला त्याचं एकच चित्र उलटसुलट करून त्याला चालवलंय. तू गुम्बाची बाजू घेतली असतीस तर तुझ्याशी बोलणंच सोडलं असतं.

3-1 च्या शेवटच्या पायऱ्या आठवतात? कवच पायरीशी अडवून त्यावर उड्या मारत राहायचं आणि जीव गोळा करायचे. गल्लीतली मोठी पोरं सांगायची, जास्त हाव केली तर गेम खलास. ती थाप नव्हती. जीवांची मोजणी 127 च्या पुढे गेली की पुढच्या मरणाला थेट गेम ओव्हर.

'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या तिसऱ्या भागात कवच हातात उचलता येतं, पण फार वेळ धरलं तर हातातच जागं होतं. 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये उडी मारली की कासव कवचाबाहेर फेकलं जातं, उघडंबोडकं. 1992 च्या 'मारिओ कार्ट' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये तर तीच कवचं आपल्या हातातलं हत्यार झाली: हिरवं सरळ जातं, लाल पाठलाग करतं. तुझे हातोडेवाले एवढे कुठे कामाला आले, सांग.

आखाजीला येतोयस ना? आईनं मांडे करायचं ठरवलंय. तुझ्या माळ्यावरची गेमची पिवळी कॅसेट सापडली तर घेऊन ये, पिन्स पुसून आणि भाचीला आधी खेळू द्यायच्या तयारीनं.

तुझा,
पप्या