म्हातारी गेली की घरचा धंदा काहून फुटते?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या नागपुरात इतवारी, महाल भागात घरच्यांनीच चालवलेले किती धंदे आहेत, साडीची दुकानं, किराणा, सराफी, सावजी भोजनालयं. त्यातलं एखादं फुटलं की लोक म्हणतात सुनांनी कान भरले. मला हे अजिबात पटत नाही.

आमचंच घ्या. सावजी भोजनालय, बोर्डवर आजोबांचं नाव, गल्ल्यावर मोठे काका, पण मसाला आजीचा. धणे, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल सगळं वेगवेगळं भाजायची अन् नुसत्या वासावरून सांगायची, उतरव आता. माप कुठंच लिहिलेलं नाही. रात्री दुकान वाढवलं की गल्ल्याची पिशवी तिच्याजवळ यायची, मग कोणत्या पोट्ट्याची फी, खाटकाची उधारी, कोणती सून माहेरी जाणार, सगळं तीच ठरवायची आणि काका असो की बाबा, उलटून कोणी बोलत नव्हतं. ती गेली, तेरवी झाली अन् दोघा भावांनी पहिल्यांदा एकमेकांना हिशोब मागितला. आता एकाच नावाचे दोन बोर्ड आहेत, एकावर 'जुने' लिहिलंय. आमची पोरं लग्नातच भेटतात, तेही वेगवेगळ्या पंगतीत.

सगळा कारभार तिचा, पण भागीदारीच्या कागदावर तिचं नाव नव्हतं. घर तेवढं तिच्या नावावर, अन् मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे अशा वेळी बाईच्या मालमत्तेत मुलगा, मुलगी, नवरा हयात असेल तर तोही, सगळ्यांचा सारखा वाटा असतो. म्हणजे आत्याचाही. तर ज्या भावांचं एकमेकांशी पटत नाही ते आत्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायला मात्र एकत्र गेले, माहेर तुटेल म्हणाले. याचा मला फार राग येतो.

अंबानींकडेही धीरूभाई 2002 मध्ये मृत्युपत्र न करता गेले, पण 2005 मध्ये कोकिलाबेननी मध्ये पडून वाटणी करून दिली. भांडणं नंतरही झाली, पण निदान दोघांना समोर बसवणारी आई होती. आमच्यासारख्या घरात तीच जाते, मग बसवणार कोण?

म्हणून व्यापारी बांधवांना कळकळीची विनंती आहे, आई धडधाकट आहे तोवर तिला रीतसर भागीदार करा, नफ्यातला वाटा तिच्या खात्यात टाका. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र पाहिजेत. भागीदार वारला तर फर्म आपोआप बंद होते, करारात वेगळं लिहिलं असेल तरच चालू राहते, तेही सीएकडून बघून घ्या. आणि मसाल्याचं माप तिला विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा, आजच.

आपल्या पेपरनं एखाद्या वकिलाकडून यावर साध्या भाषेत सदर सुरू करावं, आणि त्यात बहिणीच्या वाट्याचं आधी लिहावं. आत्यानं अजून सही केलेली नाही, आणि करू नये असंच मी तिला सांगितलंय.

एक वाचक, महाल, नागपूर