छकुलीला भूगोल घेऊ द्या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांचा आवाज चढला तेव्हा मी गप्प बसले, म्हणून आज लिहितेय. "मास्तरकीच करायची तर गणित-विज्ञान घे, भूगोलाला कोण विचारतो?" हे छकुलीला रोज ऐकवू नका. गणितवाल्यांना मागणी जास्त, हे बाबांचं खरं. पण बारावीला गणितात ती कशीबशी निघाली, हेही खरंच ना?

विषय चुकला की काय होतं ते माझ्याकडे बघा. मैत्रिणींच्या नादाने बी.ए.ला मानसशास्त्र स्पेशल घेतलं. बी.एड.च्या प्रवेशाला खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, "मेथड कोणत्या दोन?" मेथड म्हणजे शाळेत शिकवायचे विषय, आणि दहावीपर्यंत मानसशास्त्राचा तास असतो कुठे! आधीच्या वर्षांत मराठी आणि इतिहास होते, म्हणून निभावलं.

छकुली मेजर, म्हणजे मुख्य विषय, भूगोल आणि जोडीला इतिहास घेतेय. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचे 40 आणि भूगोलाचे 40 गुण. आमच्यासारख्या लहान शाळेत ते सगळं एकाच्याच अंगावर पडतं. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, दुसऱ्या पेपरातही 150पैकी 60 गुण सामाजिक शास्त्रांचे घेता येतात. पदवीला 50 टक्के मात्र हवेतच, नाहीतर बी.एड.चं दार बंद. तेही 2015पासून दोन वर्षांचं झालंय, आणि पुढे टीएआयटी, म्हणजे शिक्षकभरतीची परीक्षा, आहेच. एवढी वर्षं नावडता विषय ओढायचा म्हणजे काय, विचार करा.

दिवाळीत ती इथे होती. शेजारच्या पोरांना समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, काही केल्या कळेनात. हिने अर्धा बटाटा ताटात पालथा ठेवला, बोटभर पाणी ओतलं, पाण्याच्या कडेने पेनाने रेघ मारली. मग आणखी पाणी, आणखी रेघ. पाणी काढून वरून बघा म्हणाली. एका बाजूला रेघा अगदी चिकटून आलेल्या. "इथून चढायला दम लागेल," धाकटा आपणहून बोलला. मी मात्र भूगोलाचे तास इतकी वर्षं पुस्तक वाचूनच काढले, आता तुम्हाला काय सांगू!

बाबा, तुमच्या मोजणी खात्यातली प्लेन टेबलवरची (जागेवरच नकाशा काढायच्या तिपाई-फळ्यावरची) ती लांबट होकायंत्राची डबी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असेल. कॉलेजात तिला प्लेन टेबलचं प्रात्यक्षिक आहे. रविवारी येईल तेव्हा काढून ठेवा, आणि कशी लावायची ते तुम्हीच दाखवा. आईला सांगा, पेटी काढायला स्टुलावर चढू नको.

तुमची,
माई