निरीक्षण बोअरच्या नमुन्यांबाबत तक्रार व अहवाल मागे घेण्याची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
पाणी तपासणी प्रयोगशाळा, पुणे

विषय : भोसरी येथील आमच्या सोसायटीच्या तीन निरीक्षण बोअरचे मे महिन्यातील नमुने व त्यावरील आपला अहवाल

महोदय,

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे क्रोम प्लेटिंगचा एक बंद पडलेला कारखाना आहे. वापराच्या बोअरच्या पाण्याला पिवळट झाक दिसू लागली, तेव्हा आम्ही ते बोअर बंद करून टँकर सुरू केला आणि पाण्यात नेमके काय आहे व ते कुठून येते हे शोधण्याचे काम आपल्याला दिले. तीन निरीक्षण बोअर, पावसाळ्याआधी एक तपासणी, पावसाळ्यानंतर एक, असे ठरले. साठ टक्के रक्कम आगाऊ दिली. बोअरचे काम चोख झाले आहे. केसिंग, झाकण, भोवतीचा सिमेंटचा ओटा, कशालाही नाव ठेवायला जागा नाही. तक्रार आहे ती नमुने घेण्याच्या पद्धतीची.

नमुन्यांसाठी आपला एक तरुण कर्मचारी मोटारसायकलवर आला. त्याच्यावर माझा राग नाही. जे देऊन पाठवले तेच तो वापरणार. पण त्याच्याकडे दोरी बांधलेला एकच बेलर, म्हणजे बोअरमध्ये सोडून पाणी वर काढायची नळी, होता आणि त्याने सुरुवात केली ती भिंतीलगतच्या तीन नंबरच्या बोअरपासून, म्हणजे सगळ्यात खराब पाण्यापासून. मग तीच दोरी, तोच बेलर दोन नंबरला आणि शेवटी फाटकाजवळच्या एक नंबरला. मधल्या मधे बेलर बागेच्या नळाखाली धरला, तेवढीच काय ती सफाई. ओली दोरी ओट्यावरून, मातीतून फरफटत पुढच्या बोअरमध्ये जात होती. मी पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी काढली आहे, म्हणून तिथेच हटकले. ‘सर, असंच घेतो आम्ही,’ एवढेच उत्तर मिळाले.

बोअर १८ मीटर खोल, पाणी आपल्या अहवालाप्रमाणे ६ मीटरवर, केसिंग चार इंची. म्हणजे आत साधारण पंच्याण्णव लिटर पाणी उभे आहे. हे साचलेले पाणी निदान तिप्पट उपसून टाकावे लागते, नाहीतर अगदी कमी वेगाने पंप चालवून पीएच, वाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन यांचे आकडे स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. इथे एक बादली उपसली आणि लगेच बाटल्या भरल्या. खडकातल्या फटींतून वाहणाऱ्या पाण्याचा हा नमुनाच नव्हे.

आता आकडे. आपल्या अहवालात एकूण क्रोमियम तीन नंबरला ०.३८, दोन नंबरला ०.११ आणि एक नंबरला ०.०६ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ०.०५ची मर्यादा आहे. एक नंबरचे बोअर उताराच्या वरच्या अंगाला, कारखान्यापासून लांब, मुद्दाम तुलनेसाठी घेतले होते. तिथला ०.०६ खरा आहे की तीन नंबरची दोरी धुऊन निघालेला? शिवाय पाणी गढूळ होते, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळले नाही, तसेच बाटलीत भरून त्यात आम्ल घातले. आपल्याकडच्या काळ्या दगडात आणि मुरमात मुळातच थोडे क्रोमियम असते. गाळासकट आम्ल घातले की तेही पाण्यात उतरते आणि आकडा फुगतो. उद्या कारखान्याच्या मालकाचा वकील म्हणेल, ‘वरच्या बोअरमध्येही क्रोमियम आहे, हा जमिनीचाच गुण.’ त्याला उत्तर द्यायला आमच्याकडे आपला अहवाल आहे, आणि तो त्याच्याच बाजूने बोलतो.

हेक्झाव्हॅलंट, म्हणजे षट्संयोजी आणि जास्त विषारी, क्रोमियमची गत याहून वाईट. प्लेटिंगच्या कारखान्याशेजारी पहिल्यांदा बघायचे ते हेच. तिन्ही ठिकाणी ‘आढळले नाही’ असा शेरा आहे. आढळेल कसे? त्यासाठी वेगळी, बिनआम्लाची बाटली बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत तपासायला हवी होती. आम्ल घातल्यावर पाण्यातल्या लोहामुळे आणि सेंद्रिय पदार्थांमुळे ते त्रिसंयोजी, म्हणजे कमी विषारी रूपातले, क्रोमियम होऊन बसते. इथे सगळ्या बाटल्यांत एकाच ड्रॉपरने आम्ल पडले, बाटल्या मे महिन्याच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत गेल्या, आणि शनिवारचे नमुने आपल्याकडे नोंदले गेले सोमवारी.

एक गोष्ट मात्र मनाला फारच लागली. अहवालात ‘नमुना ग्राहकाने आणून दिला’ असे छापले आहे. आपल्याच माणसाने, आपल्याच गणवेशात, आमच्या आवारात घेतलेला नमुना! सोसायटीच्या सीसीटीव्हीत सगळे आहे. पाणीपातळीच्या रकान्यात तिन्ही बोअरला ६.०० मीटर लिहिले आहे. पातळी मोजण्याची टेप त्याने बाहेर काढलीच नव्हती, आणि बोअरच्या तोंडांची उंची एकसारखी नाही. पाणी कुठल्या दिशेने वाहते हे त्या पातळीवरूनच ठरायचे होते. चौथ्या पानावर तर ‘एसटीपी आउटलेट’ (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी) असे शीर्षक राहून गेले आहे, कुणाचे ते देव जाणे.

दूषित जागांबाबत केंद्राने २०२५ साली नियम काढले आहेत. आम्हाला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करायचा आहे. या कागदाच्या जोरावर तो करता येत नाही आणि पावसाळ्याआधीची वेळ आता गेली. पहिल्या जोरदार पावसानंतरचे पाणी म्हणजे वेगळीच गोष्ट.

तेव्हा हा अहवाल लेखी मागे घ्यावा आणि पहिल्या तपासणीची रक्कम परत करावी. ऑक्टोबरची तपासणी आणि पुढच्या मे महिन्यातली बदली तपासणी करताना प्रत्येक बोअरला स्वतंत्र बेलर किंवा नळी असावी, क्रम स्वच्छ बोअरकडून खराब बोअरकडे असावा, उपशाची नोंदवही, एक दुबार नमुना, शुद्ध पाण्याचा एक कोरा नमुना आणि नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला याचा सहीचा कागद असावा. आमचा एक सदस्य पूर्ण वेळ हजर राहील. मे महिन्यातील तपासणीचे प्रयोगशाळेतील कच्चे आकडे आणि नमुना पोहोचल्याची नोंद मात्र आत्ताच हवी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याचा ठराव कार्यकारिणीने केला आहे. उरलेली चाळीस टक्के रक्कम तोवर थांबवली आहे.

आपला,
सचिव, व्यवस्थापन समितीच्या वतीने

सोबत : कोटेशनची प्रत, अहवालाची प्रत, सीसीटीव्ही चित्रणाचा पेनड्राइव्ह